डब्यातल्या चिठ्ठीला उत्तर

प्रिय मुली,

मुलींसाठीचं माझं लैंगिक शिक्षणाचं सत्र संपलं की त्यांनी डब्यात टाकलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या मी तिथल्या तिथे फाडून टाकते. त्यांना तसा शब्द दिलेला असतो. तुझी चिठ्ठी तेवढी घरी आणली, कारण तिच्यावर तू ई-मेलचा पत्ता लिहिला होतास आणि शेजारी, ‘सगळ्यांसमोर नको, मला सविस्तर लिहाल का?’ वहीचा कागद, आठ घड्या, घड्यांच्या रेघांवर शाई पुसट झालेली. सत्रात बसून घाईने लिहिलेली चिठ्ठी अशी दिसत नाही. ती बरेच दिवस तुझ्या पर्समध्ये असणार.

तू लिहिलंयस की वय एकवीस पूर्ण, दीड वर्षापासून एक मुलगा आयुष्यात आहे, चांगला आहे. तो म्हणतो, प्रेम आहे तर मग एवढं काय. तुला भीती वाटते, पण इच्छाही होते. मग दोन प्रश्न. इच्छा होणं वाईट आहे का? आणि पुढे लग्न दुसरीकडे ठरलं तर ‘कळतं’ का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्याच्याखाली दबलंय. कळत नाही. नवऱ्याला कळत नाही, सासूला कळत नाही, पस्तीस वर्षं बायका तपासलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरलाही कळत नाही. योनीच्या तोंडाशी जो पातळ पडदा असतो तो कुणाचा जन्मापासूनच नावापुरता असतो, कुणाचा इतका लवचीक की संबंधांनंतरही तसाच राहतो. पहिल्या वेळी रक्त यायलाच हवं असा शरीराचा कुठलाही नियम नाही, कितीतरी जणींना ते येत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की कौमार्य ही वैद्यकीय संज्ञाच नव्हे आणि ते तपासण्याच्या चाचण्यांना शास्त्राचा आधार नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अत्याचार झालेल्या बाईची तसली ‘दोन बोटांची’ तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. त्याआधी २०१८ मध्येच कंजारभाट समाजातली तरुण मुलं-मुली लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग बघून नवरीचं कौमार्य ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध उभी राहिली होती. पिंपरीत त्यांच्यातल्या काहींनी मारही खाल्ला. ती मुलं तुझ्याच पिढीची. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

तेव्हा ती भीती बाजूला ठेव. आता नीट बोलू.

पण त्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी सत्रात सांगत नाही.

१९९१ साल. मी एका तालुक्याच्या गावी रुग्णालयात नुकती लागले होते. ओपीडीत पडदा होता, पण पडद्यापलीकडच्या बाकावर बसलेल्या बायकांना सगळं ऐकू जायचं. डी.एड. करणारी बावीस वर्षांची एक मुलगी आली. पाळी चुकली होती. माझा पहिला प्रश्न होता, ‘लग्न झालंय का?’ आवाज नेहमीसारखाच होता, म्हणजे मोठा. ती ‘नाही’ म्हणाली. बाकावरची कुजबुज थांबली. मी म्हटलं, ‘मग आईला घेऊन ये.’ तिने पिवळ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं आणि निघून गेली. सहा आठवड्यांनी रात्री अकराला तिला बैलगाडीतून आणलं. कुणीतरी गावठी उपाय केला होता, अंगात विष पसरलं होतं. जीव वाचला. गर्भाशय काढावं लागलं.

गर्भपाताचा कायदा १९७१ पासून होता. अठरा पूर्ण झालेल्या बाईला तिच्या स्वतःच्या संमतीखेरीज कुणाची सही लागत नव्हती. हे मला पाठ होतं. तरीही मी तिला आईला आणायला सांगितलं, कारण मला वाटलं, जरा धाक बसला तर बरं. धाकाने मुली सुरक्षित राहतात अशी माझी खरोखरची समजूत होती. ती समजूत त्या रात्री गेली आणि त्यानंतर मी जे काही शिकले, वाचलं, बोलले, ते त्या पिवळ्या ओढणीमुळे. घाबरलेली मुलगी सुरक्षित नसते, ती एकटी पडलेली असते. ती विचारत नाही, दाखवत नाही, वेळेत येत नाही.

आता शरीराकडे येते.

आपल्याकडे या सगळ्याला शब्द किती आहेत आणि कसे आहेत ते बघ. पाळी आली की ‘कावळा शिवला’. पांढरं जायला लागलं की ‘अंगावरून जातंय’. मुलीला दिवस गेले तर तिचा ‘पाय घसरला’, तिने ‘तोंड काळं केलं’. अब्रू म्हणजे काचेचं भांडं, तेही फक्त तिच्याच हातात दिलेलं. आणि खालच्या अवयवांना? ‘शू ची जागा’, ‘तिकडे’, ‘खाली’. माझ्याकडे साठीच्या बायका येत, पाच बाळंतपणं झालेल्या, आणि दुखतंय कुठे हे बोटानेही दाखवायला लाजत. ज्या जागेला नाव नाही त्या जागेचं दुखणं सांगणार कसं? गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. मी तो अभ्यास वाचला तेव्हा ते आकडे मला माझ्या ओपीडीतल्या बाकावर बसलेले दिसले.

म्हणून नावं घे. बाहेरून दिसतो तो सगळा भाग म्हणजे भग. त्याच्या मोठ्या आणि लहान ओठांसारख्या घड्या. लघवीचं छिद्र वेगळं, योनीमार्ग वेगळा. हे दोन वेगळे असतात हे एम.ए. झालेल्या मुलींनाही मी शिकवलंय, त्यात लाज कसली. आत गर्भाशयाचं मुख, वर गर्भाशय. आणि लहान ओठ वर जिथे मिळतात तिथे शिश्निका, इंग्रजीत क्लिटोरिस. मी एमबीबीएस झाले तेव्हा पुस्तकात तिला जेमतेम जागा होती. तिचा बाहेर दिसणारा ठिपका म्हणजे केवळ टोक, बाकीचा मोठा भाग आत पसरलेला असतो, हे हेलन ओ’कॉनेल नावाच्या ऑस्ट्रेलियन शल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये नीट मांडलं. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आला त्यालाही तेव्हा जवळजवळ तीस वर्षं झाली होती. या अवयवाचं शरीरात दुसरं काही काम नाही, सुख देणं एवढंच. बाईच्या शरीरात असा एक अवयव आहे ही गोष्ट मला सत्तावीस वर्षांच्या वयात, लग्नानंतर, डॉक्टर असून, उशिरा उमगली. तुला ती एकविसाव्या वर्षी माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

दार लावून, हातात छोटा आरसा घेऊन एकदा बघ. घाई करू नकोस. रंग बाकीच्या अंगापेक्षा गडद असतो, एक ओठ दुसऱ्यापेक्षा मोठा असू शकतो, केस असतात. हे सगळं ठीक आहे. गोरं करणारी मलमं, धुवायची सुगंधी द्रव्यं यांपैकी कशाचीही गरज नाही. योनीमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो, बाहेरून साधं पाणी पुरे. पांढरं थोडं जातंच, महिन्याच्या मध्याला ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जातं. दह्यासारखं फुटकं झालं, खाज सुटली, हिरवट-पिवळं झालं, वास मारायला लागला, तर डॉक्टरकडे. तुझं नेहमीचं काय आहे ते तुला ठाऊक असेल तरच बिघडलेलं काय ते कळेल.

आता पहिला प्रश्न. इच्छा होणं वाईट आहे का?

भूक लागणं वाईट आहे का, असं तू मला विचारलं नसतंस. तरुण, धडधाकट शरीराला इच्छा होते. कुणाला जास्त, कुणाला कमी, कुणाला कधीच फारशी होत नाही, आणि तीही पूर्ण निरोगी असू शकते. स्वतःच स्वतःला स्पर्श करून सुख मिळवण्याबद्दल तू आडून विचारलंयस. त्याने अशक्तपणा येत नाही, डोळ्यांखाली काळं होत नाही, मूल व्हायला अडचण येत नाही. तुझं शरीर काय मागतं आणि काय नको म्हणतं हे शिकण्याची ती सगळ्यांत सुरक्षित जागा आहे, तिथे ना दिवस जाण्याची भीती ना कुणाचा दबाव. हा प्रश्न मराठीत पहिल्यांदा विचारणारी तू नव्हेस. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यात वाचक त्यांना नेमके हेच प्रश्न पाठवत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, मासिक कर्व्यांनी बंद केलं नाही. नव्वद वर्षं झाली. तू अजूनही कागदाला आठ घड्या घालून विचारतेस.

पण इच्छा होणं वेगळं आणि ती अमुक माणसाबरोबर, अमुक दिवशी, अमुक मर्यादेपर्यंत पुरी करायची की नाही हे ठरवणं वेगळं. दुसरी गोष्ट तुझ्या हातात आहे. तुझ्या त्या मुलाच्या वाक्यात मला तेच खुपलं. ‘प्रेम आहे तर मग एवढं काय.’ तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांनाही कुणी काही शिकवलेलं नसतं, मोबाईलवर जे दिसतं त्यावर त्यांचं शिक्षण होतं, आणि तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही, कुणाला थांबावं लागत नाही, कंडोमही फारसा दिसत नाही. पण ते वाक्य प्रश्न नाही. त्यात तुला ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही, ‘नाही’ म्हटलंस की प्रेमच खोटं ठरतं.

तुला पंगत आठवते का? आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन वाढपी यायचे. पोट भरलं की आम्ही दोन्ही हात पानावर आडवे धरायचो. वाढप्याला त्यात गंमत वाटायची. तो बोटांच्या फटीतून जिलबी टाकायचा, पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा, आणि शेजारच्या बायका हसत म्हणायच्या, ‘घे गं, लाजतेस काय!’ आणि आपण खायचो. आग्रह हा आपल्याकडचा प्रेमाचा रिवाज आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्यातून आपण एक गोष्ट फार खोल शिकलो: ‘नको’ म्हणजे ‘अजून एकदा विचारा’. मुलगे हे शिकले, आणि मुलीही शिकल्या की तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा घ्यायचंच असतं, नाहीतर समोरच्याला वाईट वाटतं.

अंथरुणात हा रिवाज चालत नाही. तिथे एकदाच म्हटलेलं ‘नको’ पूर्ण असतं. आणि मराठी मुली तेही सरळ म्हणत नाहीत. त्या म्हणतात ‘बघू’, ‘आज नको ना’, ‘तू म्हणशील तसं’, किंवा गप्प बसतात आणि अंग ताठ होतं. जो तुझ्यावर प्रेम करतो त्याला ताठ झालेलं अंग कळायला हवं. आणि तुला तुझं स्वतःचं. मनात ‘हो’ असेल तर अंग सैल असतं, हसू येतं, आपण आपण होऊन जवळ सरकतो. पोटात गोळा आला असेल, नजर घड्याळाकडे जात असेल, ‘एकदाचं होऊन जाऊ दे’ असं वाटत असेल, तर ते ‘हो’ नव्हे. सुरुवात केली म्हणून शेवटपर्यंत जायला तू बांधील नाहीस. मागच्या आठवड्यात ‘हो’ होतं म्हणून आज ‘हो’ आहेच असं नाही.

कायद्याला हे समजायला किती वर्षं लागली ते ठाऊक असू दे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची तयारी होती, असा एकूण सूर. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१३ मध्ये तर कायद्यात लिहिलंच गेलं की संमती म्हणजे शब्दांनी वा कृतीतून स्पष्ट दिलेला होकार, आणि बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, ही ओळ अशी मिळवलेली आहे.

तेव्हा त्या मुलाशी आधी बोल. उजेडात, कपडे अंगावर असताना, चहा पिताना. ‘मला इच्छा आहे पण मी तयार नाही’ हे वाक्य त्याला सांगून बघ. कंडोमबद्दल बोल, दिवस गेले तर काय करायचं याबद्दल बोल. जो मुलगा हे बोलणं ऐकू शकत नाही, विषय बदलतो, रुसतो, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही’ म्हणतो, त्याच्याबरोबर त्याहून अवघड गोष्ट करायची नसते. आणि तो शांतपणे ऐकून ‘बरं, तुला वाटेल तेव्हा’ म्हणाला आणि महिन्याभरानंतरही तसाच वागला, तर तुझ्याजवळ एक चांगला माणूस आहे. तरीही ठरवायचं तूच. मी तुला ‘कर’ही म्हणणार नाही आणि ‘करू नकोस’ही. लग्नापर्यंत थांबायचं तुला मनापासून वाटत असेल तर तोही तितकाच मानाचा निर्णय आहे, फक्त तो भीतीचा नसावा, तुझा असावा.

करायचं ठरलंच तर काही व्यवहाराच्या गोष्टी. कंडोम दरवेळी, सुरुवातीपासून, तारीख बघून. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन त्याच्याबरोबर वापरू नकोस, रबर कमकुवत होऊन फाटतो, पाण्यापासून बनवलेलं (वॉटर-बेस्ड) जेल औषधाच्या दुकानात मिळतं. दिवस न जाण्याचे उपाय बरेच आहेत, पण दिवस आणि आजार दोन्हींपासून वाचवणारा कंडोमच. ‘सुरक्षित दिवस’ मोजण्यावर विसंबू नकोस, शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि परीक्षेच्या ताणाने पाळी पुढेमागे होतेच. ‘मी वेळेवर बाहेर घेईन’ यावर तर मुळीच नको. नेहमीच्या गोळ्या हव्या असतील तर डॉक्टरला विचारून, कारण अर्धशिशी, रक्तदाब, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्याचा इतिहास, हे आधी विचारावं लागतं. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली, हार्मोन नसलेली ‘छाया’ ही गोळीही सरकारी दवाखान्यात मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची.

कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी. जितकी लवकर तितकी बरी, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती गर्भपाताची गोळी नव्हे, ती बीज बाहेर पडणं लांबवते. दर महिन्याला घ्यायची तर मुळीच नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट, त्या दुकानातून गुपचूप आणून खायच्या नाहीत, डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत घेता येतात. तशी वेळ आलीच तर लक्षात ठेव: तू अठराच्या पुढची आहेस, तुझी एकटीची संमती पुरते, आणि तुझं नाव उघड करणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातला ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित बाईला विवाहितेइतकाच हक्क आहे. १९९१ साली ओपीडीत माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीला हे मी सांगायला हवं होतं, म्हणून तुला सांगते.

पहिल्या वेळी दुखलंच पाहिजे असं नाही. शरीर तयार नसेल, ओलावा नसेल, मनात धास्ती असेल तर स्नायू आवळले जातात आणि दुखतं. दुखलं की थांबायचं, सोसायचं नाही. माझ्याकडे लग्नाला तीन-चार वर्षं झालेली जोडपी यायची, संबंध एकदाही जमलेले नसायचे, आणि दोघंही ‘माझ्यातच खोट आहे’ म्हणून बसलेली. योनीआकर्ष म्हणतात त्याला, आणि तो बरा होतो, हळूहळू, समजावून, व्यायामांनी. झाल्यावर लघवीला जाऊन ये, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका त्याने कमी होईल. इतकं साधं आहे, पण नवविवाहितांना ते कुणीच सांगत नाही आणि मग ‘हनिमूनचा ताप’ म्हणून त्या माझ्याकडे येतात.

लस घेतली आहेस का? एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, आपल्या देशात बायकांच्या कर्करोगांत तो दुसऱ्या क्रमांकावर आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून बाजारात आहे, २६ वर्षांपर्यंत घेता येते, तुझ्या वयाला किती डोस ते डॉक्टर सांगतील. संबंध येण्याआधी घेतली तर उत्तम. आणि तिशीनंतर तपासणी. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाचं उस्मानाबाद, एक लाखाहून जास्त बायकांवर जो मोठा अभ्यास झाला त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्हीच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले. त्या खेड्यापाड्यांतल्या बायकांमुळे जगाला हे कळलं. तुझ्या आईलाही घेऊन जा, तिची कधी झाली नसणार.

फोनबद्दल थोडक्यात. असे फोटो, असे व्हिडिओ पाठवू नकोस, कितीही विश्वास असला तरी, कारण फोन हरवतात, विकले जातात, भांडणं होतात. पण पाठवले असशील, किंवा न सांगता कुणी काढले असतील, आणि त्यावरून धमकी आली, तर गुन्हा त्याचा आहे. पैसे देऊ नकोस, संदेश पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव, १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन कर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर, तिथे महिलांच्या तक्रारींसाठी वेगळा भाग आहे. जिवाची भीती वाटली तर ११२. त्याआधी मला फोन केलास तरी चालेल, रात्री कितीही वाजले असोत. या कारणाने जीव दिलेली एक मुलगी मी शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहिली आहे. त्यानंतर मी फोन कधी बंद ठेवत नाही.

तुझ्या रूममेटबद्दल तू शेवटी दोन ओळी लिहिल्यास, की तिला मुली आवडतात आणि ती स्वतःला आजारी समजते. तिला सांग, हा आजार नाही, त्याला औषध नाही कारण त्याला औषध लागत नाही. ६ सप्टेंबर २०१८ पासून कायद्यानेही तो गुन्हा राहिलेला नाही. कुणी ‘बरं करून देतो’ म्हणालं तर त्या दारात तिला जाऊ देऊ नकोस. आणि जे मी तुला आग्रहाबद्दल, होकाराबद्दल, घाई न करण्याबद्दल लिहिलं, ते तिलाही तितकंच लागू आहे. तिला हवं असेल तर हे पत्र वाचायला दे.

राहता राहिलं डॉक्टरकडे जाणं. तुझ्या शहरातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं नाव आणि दवाखान्याचा पत्ता वेगळ्या मेलमध्ये पाठवते. तिच्या तपासणीच्या खोलीला भिंती आहेत, पडदा नाही, हे मी स्वतः जाऊन पाहिलंय. ‘लग्न झालंय का?’ असं ती विचारणार नाही, ‘संबंध येतात का?’ असं विचारेल, आणि त्याचं खरं उत्तर दे, कारण औषध त्यावर ठरतं. एकटी जायला धीर होत नसेल तर रूममेटला घेऊन जा. तपासणी नको वाटली तर नुसतं बोलून परत ये, तसंही चालतं. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ने, ती आधी तेच विचारेल.

तुझी,
मॅडम
(मावशी म्हणालीस तर मला जास्त आवडेल)